पाटातली ट्यूब

लहानपणी आम्हाला पाटात पोहायची सक्त मनाई होती. वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे ही मनाई घरचीही होती आणि सरकारीही. तरी दिवाळीच्या सुट्टीत साक्री तालुक्यात पांझरेकाठी आजोबांच्या गावी गेलो की पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरची जुनी ट्यूब पैदा व्हायची आणि आम्ही चार-पाच पोरं पाटात. एकदा खुद्द वडिलांच्याच हाती सापडलो. पुढचं सांगत नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मागल्या उन्हाळ्यात मी माणशी शंभरावर डॉलर मोजून पुन्हा एकदा ट्यूबवर बसलो आणि पाटात उतरलो. सोबत बायको आणि मुलगा. डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटवर टॉर्च, आणि उतरण्याआधी 'काही बरंवाईट झालं तर आमची तक्रार नाही' अशा अर्थाच्या दोन पानी कागदावर सही. ठिकाण होतं हवाई बेटांपैकी कावाई.

कावाई हे हवाईच्या मोठ्या बेटांमधलं वयानं सगळ्यात थोरलं आणि सगळ्यात हिरवं. कॅलिफोर्नियातून विमानानं पाच-साडेपाच तास. इथं येणारे पाहुणे काय करतात? उत्तरेला नापालीचे समुद्रात सरळ उतरलेले कडे आहेत, त्यांच्या कडेकडेनं ११ मैलांची कलालाऊची पायवाट चालतात. वायलुआ नदीत होड्या वल्हवतात. लाटांवर फळ्या घेऊन पडतात. दरीवर ताणलेल्या तारेवरून लोंबकळत पलीकडे जातात. आणि ज्यांना यातलं काहीच झेपणार नाही असं बायकोला वाटतं, ते माझ्यासारखे ट्यूबवर बसतात.

ज्या पाटात ही मौज चालते तो पूर्वीच्या लिहुए साखर मळ्याचा. १८७० च्या सुमारास हातांनी खणलेला. बेटाच्या मधोमध वायअलेअले नावाचा डोंगर आहे, त्याच्या अंगाखांद्यावरून पाणी गोळा करून खालच्या उसाला न्यायचं, एवढंच त्याचं काम. आज ऊस नाही, पण पाट वाहतो आहे.

पाणी चांगलंच गार. प्रवाह आपला आपण नेतो, हातपाय मारायची गरज नाही. दोन्ही बाजूंना नेचे आणि रानहळदीसारख्या पानांची गर्दी. मग समोर डोंगराचा सोंडेसारखा भाग आडवा येतो आणि पाट सरळ त्याच्या पोटात शिरतो. असे पाच बोगदे लागतात. आत काळोख. टॉर्च भिंतीवर मारला तर खडकावर कुदळीचे घाव दिसतात, एकाशेजारी एक, हजारो. बाकीची मंडळी ट्यूब एकमेकांवर आपटून किंचाळत होती. मला मात्र त्या घावांवरून नजर हलवता येईना. बोगद्यात दोन माणसं शेजारी उभी राहून कुदळ मारू शकणार नाहीत एवढीच जागा. म्हणजे कुणीतरी एकटा, ओणवा, दिव्याच्या उजेडात.

आमचा गाइड विशी-पंचविशीचा. त्याला विचारलं, हे कुणी खणलं? म्हणाला, "मळ्यावरच्या मजुरांनी. माझे पणजोबा जपानहून आले होते, ते याच मळ्यावर होते. पण हा बोगदा त्यांच्या आधीचा."

रात्री हॉटेलवरून धुळ्याला व्हिडिओ कॉल लावला. ऐंशीच्या घरातले निवृत्त अभियंता काय विचारतील? मजा आली का, नातवाला आवडलं का, असलं काही नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण हे पाणी टेलला जातं कुठं? आणि ज्या नदीतून उचललं, तिच्यात काही राहतं का?"

मला सांगता आलं नाही. सुट्टीचे उरलेले चार दिवस आणि परत आल्यावरचे बरेच शनिवार-रविवार त्या प्रश्नामागे गेले.

आधी पाऊस समजून घेऊ. वायअलेअले उंचीनं जेमतेम दीड हजार मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून बुटका. पण ईशान्येकडून वर्षभर वाहणारे व्यापारी वारे त्याला थेट धडकतात आणि माथ्यावर वर्षाला सरासरी ४०० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त. आणि तिथून हवेतल्या अंतरानं पंचवीसेक किलोमीटरवर, पश्चिम किनाऱ्यावरच्या केकाहात, जेमतेम २० इंच. महाबळेश्वर आणि माण-खटावची गोष्ट, फक्त एका तालुक्याएवढ्या जागेत बसवलेली. गंमत अशी की उसाला ऊन लागतं आणि पाणीही. जिथं पाणी तिथं ऊन नाही, जिथं ऊन तिथं पाणी नाही. मग पाणी हलवा.

कावाईवर कोलोआ इथं १८३५ साली लॅड अँड कंपनीनं हवाईच्या राजाकडून ९८० एकर जमीन भाड्यानं घेतली. हवाईतला व्यापारी पद्धतीचा पहिला टिकलेला ऊसमळा तो हाच. लिहुएचा मळा १८४९ चा. त्याचे व्यवस्थापक विल्यम हॅरिसन राइस मूळचे मिशनरी शिक्षक. १८५६ च्या सुमारास त्यांनी पाट खणून उसाला डोंगरातलं पाणी आणलं. हवाईच्या मळ्यांवरचा हा पहिला पाट मानतात. पुढं अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेची साखर बंद पडली, भाव चढले. १८७५ साली हवाईचं राज्य आणि अमेरिका यांच्यात करार झाला आणि हवाईची साखर जकातीशिवाय अमेरिकेत जाऊ लागली. मग काय, बेटाबेटावर पाटांची शर्यत लागली.

शेजारच्या माऊई बेटावरची एक गोष्ट तिकडे अजून सांगतात. १८७६ साली सुरू झालेल्या हामाकुआ पाटाचा नळ एका खोल घळीतून पलीकडे न्यायचा होता. दोराला लोंबकळत खाली उतरायला मजूर तयार होईनात. तेव्हा मालक हेन्री बॉल्डविन, ज्यांचा उजवा हात त्याच वर्षी चरकात गेला होता, ते स्वतः एका हातानं दोर धरून उतरले. मग मजुरांना उतरावंच लागलं. आज अशाच दऱ्यांवर आपण पैसे देऊन लोंबकळतो. या गोष्टीत मालकाचं नाव आहे, उतरलेल्या बाकीच्यांचं नाही.

त्या काळचा हिशेब असा सांगतात की १०० एकर उसाला रोज साधारण १० लाख गॅलन पाणी लागायचं. मी कागदावर आकडेमोड केली. एकरी रोज जवळजवळ ३८ हजार लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावाला टँकर येतो तो १० हजार लिटरचा धरा, तर एका एकराला रोज चार टँकर. हवाईतला ऊस साधारण दोन वर्षं शेतात उभा असायचा. आपला आडसाली त्यापुढे लेकरू. साखर दिसते पांढरी आणि कोरडी, पण ती म्हणजे गाठोड्यात बांधलेलं पाणीच.

आता माणसांचं. १७७८ साली कॅप्टन कुक याच बेटावर, वायमेआला पहिल्यांदा उतरला. त्याच्यामागून आलेल्या जहाजांनी रोगराई आणली आणि हवाईची प्रजा झपाट्यानं खचली. १८९० च्या शिरगणतीत मिश्र वंशाचे धरूनही ती ४० हजारांच्या थोडी वर उरली होती. मळ्यांना हात हवे होते, म्हणून बाहेरून आणले. १८५२ साली चीनहून करारावरचे मजूर आले, पाच वर्षांचा करार, महिना ३ डॉलर. १८७८ पासून पोर्तुगीज बेटांवरून. १८८५ पासून सरकारी करारावर जपानहून, दहा वर्षांत जवळपास २९ हजार. मग पोर्तो रिको, कोरिया, आणि १९०६ पासून फिलिपिन्स. आपली रत्नागिरीकडची माणसं गेल्या शतकाच्या आधी मॉरिशसला उसात गेली, त्याच साखरेच्या साखळीची ही पॅसिफिकमधली कडी.

मजुराला नावानं हाक नव्हती. त्याला 'बांगो' मिळायचा, म्हणजे नंबर कोरलेला धातूचा बिल्ला. पगार त्या नंबरावर, दुकानातली उधारी त्या नंबरावर. कित्येक मळ्यांवर वंशाप्रमाणे बिल्ल्याचा आकारही वेगळा. घोड्यावर बसून देखरेख करणारा मुकादम, त्याला म्हणत 'लूना'. एका वंशाच्या मजुरांना दुसऱ्यापेक्षा कमी मजुरी, म्हणजे एकी नको. तरी संप झाले. कावाईवरच हानापेपे इथं ९ सप्टेंबर १९२४ ला संपावरच्या फिलिपिनो मजुरांची पोलिसांशी चकमक झाली, त्यात १६ मजूर आणि ४ पोलीस मेले. तिथून आम्ही गाडीनं गेलो. शांत, रंगीत दुकानांचं गाव आहे. आइस्क्रीम छान मिळतं.

साखरेनं राज्यही खाल्लं. १८९३ साली राणी लिलिउओकलानीला पदच्युत करण्यात आलं. करणाऱ्यांत साखरेशी आणि व्यापाराशी हितसंबंध असलेली मिशनऱ्यांची मुलंनातवंडं होती. १८९८ साली बेटं अमेरिकेला जोडली गेली.

पण वडिलांचा प्रश्न तसाच होता. नदीत काय राहतं?

याचं उत्तर मला वायमेआत मिळायला लागलं. गावाच्या मागे नदीकाठच्या रस्त्यावर 'मेनेहुने डिच' नावाचं स्थळ आहे. गाडी थांबवून बायको म्हणाली, "हे? ही गटाराची भिंत बघायला आलो आपण?" चूक तिची नाही. रस्त्याखाली बरंचसं गाडलं गेलंय, दिसतो तो थोडासा तुकडा. पण ते दगड तासलेले आहेत, एकमेकांत खाचा पाडून बसवलेले, आणि हे काम युरोपी माणसाचं लोखंड येण्याआधीचं. १७९२ साली इथं आलेल्या कॅप्टन व्हॅनकूव्हरनं कड्याला लगटून नेलेल्या या पाटाची मोठी तारीफ लिहून ठेवली आहे. स्थानिक दंतकथा अशी, की ओला नावाच्या राजासाठी मेनेहुने नावाच्या बुटक्या लोकांनी हा पाट एका रात्रीत बांधला आणि मजुरी म्हणून प्रत्येकानं एकेक कोळंबी घेतली. आपल्याकडे नाही का, कुठलंही जुनं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं! कोंबडा आरवायच्या आत काम संपवायची घाई जगभर सारखीच दिसते.

हा पाट कशासाठी? तर अळवासाठी. हो, आपलं अळू. फक्त आपण पानांच्या वड्या करतो आणि देठी करतो, त्यांचा जीव कांद्यात. तो कांदा उकडून, कुटून लापशी करतात, तिचं नाव पोई. अळवाला ते 'कालो' म्हणतात, आणि त्यांच्या उत्पत्तिकथेत कालो हा माणसाचा थोरला भाऊ आहे. भाताच्या खाचरासारख्या वाफ्यांत तो वाढतो आणि त्याला वाहतं गार पाणी लागतं. त्या पाण्यासाठी काढलेल्या पाटाला 'आऊवाय' म्हणतात.

आऊवायचे नियम एमा नाकुइना या बाईंनी १८९४ मध्ये लिहून ठेवले. त्या स्वतः हवाईयन, आणि १८९२ पासून पाण्याच्या हक्काचे तंटे सोडवणाऱ्या सरकारी आयुक्त होत्या. त्यांनी दिलेला पहिला नियम वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. बांधाखाली नदीत जेवढं पाणी वाहत राहील, त्याहून जास्त पाणी कुठल्याही पाटानं उचलायचं नाही. म्हणजे अर्ध्याच्या वर हात घालायचा नाही. आणि उचललेलं पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरून पुन्हा खाली नदीलाच मिळायचं. पाट खणताना ज्याची जितकी माणसं राबली, तितका त्याच्या वाट्याला पाण्याचा हिस्सा. दुष्काळात पाळ्या. आणि पाळ्यांवर नजर ठेवणारा माणूस, त्याचं नाव 'लूना वाय', पाण्याचा लूना.

तोच शब्द! घोड्यावरच्या मुकादमाला जो शब्द लावला, तो आधी दारं धरणाऱ्याचा होता.

साक्रीकडच्या वाचकांना पुढचं सांगायला नकोच. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांची फड पद्धत होती. बंधारा गावाचा, पाट गावाचा. शेतं फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, यंदा कुठल्या फडाला पाणी ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार. पाटकरी कुणाच्या बांधावर थांबून चहा पिऊ लागला तर गावाला संशय यायचा. माझ्या आजोबांचं शेत फडाच्या शेवटाला होतं आणि पाणी त्यांच्यापर्यंत पोचायचं, म्हणून तर मी तिथल्या पाटात डुंबू शकलो. पुढं वरच्या अंगाला मोटारी बसल्या, विहिरी खोल गेल्या, पिकं बदलली आणि बहुतेक फड मोडले.

उगाच जुनं ते सोनं म्हणत नाही. हवाईतही सरदार होते आणि त्यांच्यासाठी राबणारी रयत होती. पण त्यांच्या पाटाला एक मर्यादा होती. मळ्याच्या पाटाला ती नव्हती. इंजिनिअर म्हणून मला तो बोगदा सुंदर वाटला, आजही वाटतो. उतार इतका नेमका की दीडशे वर्षांनंतरही पाणी धावतही नाही आणि थांबतही नाही. पण त्याचं खरं कौशल्य डोंगर फोडण्यात होतं, म्हणजे एका खोऱ्याचं पाणी दुसरीकडे नेण्यात. पाणी एकदा उसात गेलं की मूळ नदीकडे परतायचं नाही. खालच्या अळवाच्या वाफ्यांना पाणी कमी, मग वाफे ओसाड, मग माणूस गाव सोडून मळ्यावरच मजुरीला.

हवाईयन भाषेत पाणी म्हणजे 'वाय'. आपल्या कृष्णाकाठच्या वाईचा उच्चार जरा घाईत केला तर तसाच लागतो, बाकी संबंध काही नाही. 'वायवाय', म्हणजे पाणी-पाणी, याचा अर्थ संपत्ती. आणि कायद्याला शब्द आहे 'कानावाय', त्याच्याही पोटात पाणीच.

हा कायदा परत यायला १९७३ साल उजाडलं, तेही गमतीनं. हानापेपे नदीचं पाणी कुणाचं यावरून दोन साखर मळेवाले एकमेकांविरुद्ध कोर्टात गेले होते. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयानं जुन्या राज्याचे कायदे काढून वाचले आणि निकाल दिला, की हे पाणी तुमचंही नाही आणि यांचंही नाही. ते लोकांचं, सरकार फक्त विश्वस्त. तेव्हा मुख्य न्यायाधीश होते विल्यम रिचर्डसन, स्वतः हवाईयन रक्ताचे. मळेवाले फेडरल कोर्टांत गेले आणि ती लढाई वर्षानुवर्षं चालली. पण १९७८ साली पाणी ही सार्वजनिक ठेव असल्याचं तत्त्व राज्याच्या घटनेत आलं आणि १९८७ मध्ये पाण्याचा कायदा झाला.

तोवर साखरेचेच दिवस भरत आले होते. लिहुएचा मळा २००० साली बंद झाला. कावाईवरचा शेवटचा ऊस २००९ मध्ये तुटला आणि २०१६ च्या डिसेंबरात माऊईवरचा शेवटचा. मळे गेले, पाट राहिले. काहींतून शेतीला पाणी जातं, काहींवर छोटी वीजघरं चालतात, आणि एका पाटात आम्ही ट्यूब घालून बसतो.

ऊस गेला तरी पाट आपोआप बंद होत नाही. वायमेआच्या वरच्या अंगाचं पाणी उसानंतरही उचललं जात होतं. कोळी आणि शेतकऱ्यांच्या संघटनेनं तक्रार केली, आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये समझोता झाला. नदीचे वरचे प्रवाह आता पुरते कोरडे पाडायचे नाहीत, डोंगरापासून समुद्रापर्यंत पाणी वाहतं ठेवायचं, आणि खरी गरज असेल तेवढंच उचलायचं. नाकुइनाबाईंचा नियम सव्वाशे वर्षांनी सरकारी कागदावर उमटला, निदान त्याची सावली तरी.

उत्तरेला हाएनात आणखी एक बघण्यासारखी गोष्ट आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथं ढगफुटी झाली, जवळच्या वायपात २४ तासांत ४९.६९ इंच, अमेरिकेतला विक्रम. रस्ता वाहून गेला, पार्क वर्षभरावर बंद राहिलं. २०१९ च्या जूनमध्ये उघडलं ते दिवसाला ९०० पाहुण्यांचा नियम लावून, आधी आरक्षण करून. कलालाऊची पायवाट सुरू होते तिथंच गावकऱ्यांच्या गटानं जुने अळवाचे वाफे पुन्हा लावले आहेत. शेजारून आऊवाय वाहतो. ट्रेकला निघालेली मंडळी बूट घट्ट करत त्याच्याकडे न बघता पुढं जातात. आदल्या आठवड्यात मीही गेलो असतो.

मी मुलाला तिथं थांबवलं. एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी पडत होतं, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि शेवटच्यातून एका बारक्या चारीनं परत ओढ्यात. तो म्हणाला, "बाबा, यात ट्यूब मावणार नाही." खरंय, वीतभर पाणी. फोन काढून त्या शेवटच्या चारीचा व्हिडिओ घेतला आणि धुळ्याला पाठवला. खाली लिहिलं, 'टेलला पोचतंय. नदीत परत जातंय.'

तासाभरानं उत्तर आलं. नातवासाठी तिकडे अळूवडी करता येईल का, पानं खाजरी आहेत का, असं आईनं विचारलं होतं. आणि खाली वडिलांचं एकच वाक्य.

"पहिल्या पाटाचं अजून सांगितलं नाहीस."